उपचारांची कसोटी

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये तोंडाच्या कर्करोगाची गणना होते. तंबाखू, सुपारी आणि गुटखा ही त्याची प्रमुख कारणे होत. जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आतल्या बाजूला एखादी जखम होते, ती आठवडेच्या आठवडे भरून येत नाही, आणि तपासणीत तो कर्करोग निघतो. रोग लवकर लक्षात आला तर शल्यचिकित्सक तेवढा भाग भोवतालच्या निरोगी कडेसह कापून काढतात. येथवर कोणाचेही दुमत नव्हते. वाद होता तो मानेविषयी.

तोंडातील कर्करोगाच्या पेशी शरीरात दूरवर जाण्यापूर्वी बहुधा मानेतील लसीकाग्रंथींमध्ये उतरतात. ग्रंथी हाताला लागण्याइतकी सुजलेली असेल तर ती काढावी लागते, हे उघड आहे. पण ज्या रुग्णाची मान बोटांनी चाचपून पाहिली असता स्वच्छ वाटते, त्याच्या ग्रंथींचे काय करावे? त्यांपैकी काहींच्या ग्रंथींत रोग सूक्ष्म रूपाने आधीच पोहोचलेला असतो, तर बहुसंख्यांच्या ग्रंथी खरोखरच निरोगी असतात. बाहेरून हा फरक ओळखता येत नाही.

शल्यचिकित्सकांचे या प्रश्नावर दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे समंजस होते. पहिला पक्ष म्हणे की, तोंडाची शस्त्रक्रिया करतानाच मानेतील ग्रंथीही काढून टाकाव्यात. गाठ हाताला लागेपर्यंत थांबलो तर कदाचित फार उशीर झालेला असेल. दुसरा पक्ष म्हणे की, दहापैकी सहा-सात जणांच्या मानेत काहीच नसते. त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया कशासाठी लादावी? या शस्त्रक्रियेत खांद्याच्या मज्जातंतूला इजा होऊन हात वर उचलणे कठीण होऊ शकते. त्यापेक्षा रुग्णाला नियमितपणे तपासावे आणि गाठ दिसली तरच मान उघडावी. हा वाद सुमारे पन्नास वर्षे चालला. प्रत्येक पक्षाकडे अनुभवी शल्यचिकित्सक होते, प्रत्येकाकडे आपापल्या रुग्णांच्या नोंदी होत्या, आणि त्या नोंदी बहुधा त्या त्या पक्षाच्याच बाजूने साक्ष देत.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या वादाचा निर्णय लावण्यासाठी एक चाचणी सुरू केली. तोंडाचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत असलेल्या आणि मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांना सर्व माहिती देऊन त्यांची संमती घेण्यात आली. त्यानंतर कोणत्या रुग्णाच्या ग्रंथी लगेच काढायच्या आणि कोणाच्या बाबतीत वाट पाहायची, हे डॉक्टरांनी ठरवले नाही, रुग्णानेही ठरवले नाही; ते यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने ठरले. एकूण ७१० रुग्ण घ्यावयाचे असे योजले होते. तथापि अशा चाचणीवर देखरेख करणारी एक स्वतंत्र समिती असते. तिने मधल्या टप्प्यावर आकडे तपासले आणि नवे रुग्ण घेणे थांबवावे असा निर्णय दिला. दोन गटांतील फरक इतका स्पष्ट झाला होता की, त्यानंतर कोणालाही ‘वाट पाहण्याच्या’ गटात टाकणे योग्य ठरले नसते.

पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या त्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण जिवंत होते; वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. पहिल्या गटातील २४५ रुग्णांपैकी ५० जण दगावले, तर दुसऱ्या गटातील २५५ पैकी ७९. हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडायचा तर, आठ रुग्णांची मान आधीच उघडली की त्यांतील एकाचा मृत्यू टळतो. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे उद्भवणारे त्रास पहिल्या गटात अधिक होते, हेही त्या अहवालात नोंदवलेले आहे. परंतु जिवाच्या तुलनेत ते किरकोळच म्हणावे लागतील. अर्धशतकाचा वाद एका रुग्णालयातील एका चाचणीने जवळजवळ मिटवला.

‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की, ज्यांच्या मानेत काहीच नसते त्या बहुसंख्यांचा प्रश्न शिल्लक राहिलाच. त्यांच्यासाठी पुढे वेगळा मार्ग तपासला गेला. गाठीकडून येणारी लसीका सर्वप्रथम ज्या ग्रंथीत उतरते ती ‘पहारेकरी’ ग्रंथी शोधून तेवढीच काढायची, आणि तिच्यात रोग आढळला तरच बाकीच्या काढायच्या. २०२० मध्ये फ्रान्समधील आणि २०२१ मध्ये जपानमधील चाचण्यांनी असे दाखवले की, योग्य साधने व कौशल्य असेल तेथे या पद्धतीने रुग्णाच्या जिवाला अधिक धोका संभवत नाही.

येथे कोणाच्याही मनात एक शंका येईल. वीस-तीस वर्षे रुग्ण तपासलेल्या डॉक्टरांच्या अनुभवाला काहीच किंमत नाही काय? रुग्णाचे भवितव्य चिठ्ठीवर सोपवणे हा जुगार नव्हे काय?

अनुभवाला किंमत आहेच. पण अनुभव एका विशिष्ट प्रकारे फसवतो. समजा, एखादा शल्यचिकित्सक धडधाकट रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया करतो आणि अशक्त, वयोवृद्ध रुग्णांच्या बाबतीत वाट पाहतो. हे त्याचे शहाणपणच होय. परंतु पाच वर्षांनी तो मागे वळून पाहतो तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण अधिक जगलेले दिसतात. ते शस्त्रक्रियेमुळे जगले की मुळातच धडधाकट होते म्हणून जगले? त्याच्या नोंदवहीत याचे उत्तर नसते. दोन शेतांत दोन खते घालून तुलना करायची, आणि एक शेत काळ्या जमिनीचे तर दुसरे मुरमाड माळाचे, असे झाले तर पिकातील फरकाचे श्रेय खताला देता येणार नाही. वय, व्यसने, आहार, आर्थिक स्थिती, रोगाचा जोर अशा ज्ञात गोष्टी तरी जुळवून घेता येतील. पण ज्या अजून कोणाला ठाऊकच नाहीत त्या कशा जुळवणार? यदृच्छेने वाटणी केली, आणि रुग्णांची संख्या पुरेशी असली, की ज्ञात आणि अज्ञात अशा सगळ्याच गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या विभागल्या जातात. मग गटांत फरक उरतो तो उपचाराचा. चिठ्ठीचे काम एवढेच आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतके निर्मळपणे होत नाही.

ही कल्पना वैद्यकात पक्की रुजली ती क्षयरोगाच्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध अमेरिकेत तयार होऊ लागले. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला ते अगदी थोडे मिळाले. सर्वांना पुरेल इतके ते नव्हतेच. कोणाला द्यावे? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने सुचवले की, ज्याअर्थी ते सर्वांना देता येत नाही, त्याअर्थी वाटणी यदृच्छेने करावी. न्यायही होईल आणि ज्ञानही मिळेल. यादृच्छिक अंकांवरून तयार केलेल्या चिठ्ठ्या बंद पाकिटांत ठेवण्यात आल्या. रुग्ण चाचणीत दाखल झाल्यानंतरच त्याचे पाकीट उघडले जाई, त्यामुळे कोणाचा वशिला चालत नसे. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ रुग्णांना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे केवळ विश्रांती. छातीची क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांना कोणते चित्र कोणत्या गटातील आहे, हे सांगितलेले नव्हते. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण मरण पावले. हा निकाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कथेचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. पाच वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा गणना झाली तेव्हा औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५ दगावले होते. आरंभीचा मोठा लाभ बराचसा ओसरला होता. क्षयाच्या जंतूंनी एकट्या औषधाला दाद न देण्याची शक्ती मिळवली, हे त्याचे कारण होते. त्यातूनच क्षयरोगावर एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची रीत आली, आणि ती आजही पाळली जाते. चाचणी किती काळ चालवली, यावरही तिचे उत्तर अवलंबून असते, ते असे.

मिरज, पाचगणी यांसारख्या ठिकाणच्या क्षयरोग आरोग्यधामांविषयी मराठी वाचकांच्या मागील पिढ्यांना चांगलीच माहिती होती. स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांती, सकस आहार आणि घरापासून दूर महिनोन्महिने वास्तव्य हा या रोगावरचा मान्य उपचार होता. गरिबाला तो परवडत नसे आणि खाटा तर फारच थोड्या होत्या. १९५६ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोग्यांची यादृच्छिक वाटणी करून एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या घरी तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेले रुग्ण दाटीवाटीच्या वस्त्यांत राहत होते, त्यांचा आहारही निकृष्ट होता. तरीही १९५९ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतील रुग्ण बरे होण्याच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता, आणि घरच्या माणसांना रोग जडण्याचे प्रमाणही घरी उपचार झाल्यामुळे वाढलेले नव्हते. खरे काम औषधे करत होती. हवा आणि खाटा नव्हे. जगभरच्या क्षयरोग आरोग्यधामांचे महत्त्व यानंतर झपाट्याने ओसरले.

औषधाच्या चाचणीत आणखी एक अडचण असते. उपचार मिळतो आहे या विश्वासानेच पुष्कळांना बरे वाटू लागते. म्हणून तुलनेच्या गटाला दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लासिबो म्हणतात. कोणाला कोणती गोळी मिळाली हे रुग्णाला किंवा डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. गोळीच्या बाबतीत हे सोपे आहे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत?

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे काही संशोधकांनी तेही करून पाहिले. गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांच्या सांध्यात छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून तो धुण्याची आणि झिजलेले तुकडे खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया त्या काळी अतिशय प्रचलित होती. रुग्णांना बरे वाटत असे, आणि डॉक्टरांना त्याविषयी शंका नव्हती. या चाचणीत १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा धुतला आणि खरवडला, दुसऱ्याचा केवळ धुतला, आणि तिसऱ्या गटाच्या रुग्णांना गुंगी देऊन त्वचेवर फक्त छेद घेतले. आत काहीच केले नाही. असे होऊ शकते, हे रुग्णांना आधी सांगून त्यांची लेखी संमती घेतलेली होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांपर्यंत तिन्ही गटांतील वेदना आणि हालचाल यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. तिसऱ्या गटातील लोकांनाही बरे वाटले होते! रुग्ण खोटे बोलत नव्हते आणि डॉक्टरही फसवत नव्हते. केवळ बरे वाटण्याचे कारण शस्त्रक्रिया हे नव्हते.

अधिक कापले म्हणजे अधिक सुरक्षित, ही समजूत शस्त्रक्रियेच्या इतिहासात फार खोल गेलेली आहे. स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढून टाकण्याची विल्यम हॉलस्टेड यांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली आणि सुमारे पाऊणशे वर्षे टिकली. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून अमेरिकेत घेतलेल्या चाचण्यांमध्ये स्नायू न काढणारी शस्त्रक्रिया आणि नंतर केवळ गाठ काढून किरणोपचार देण्याची पद्धत यांची मोठ्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली. वीस-पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये आलेल्या निकालांत स्त्रियांच्या आयुर्मानात फरक नव्हता. दरम्यानच्या पिढ्यांतील असंख्य स्त्रियांनी आवश्यकता नसलेली विद्रूपता सोसली होती. मानेच्या बाबतीत अधिक कापणे योग्य ठरले, स्तनाच्या बाबतीत कमी कापणे योग्य ठरले. कोणते तत्त्व कोठे लागू पडेल, हे तर्काने आधी सांगता आले नसते.

एका देशात मिळालेले उत्तर दुसऱ्या देशात तसेच्या तसे लागू पडते असेही नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तींनी आहार आणि व्यायाम यांत बदल केला तर रोग लांबवता येतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने २००२ मध्ये सिद्ध केले; तेथे धोका ५८ टक्क्यांनी घटला. त्या चाचणीतील बहुतेक व्यक्ती बऱ्याच स्थूल होत्या. भारतीय माणूस सडपातळ दिसत असतानाही मधुमेही होतो. म्हणून चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर स्वतंत्र चाचणी घेतली. तीन वर्षांत, केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज चालणे आणि आहारावर नियंत्रण यांचा आग्रह धरलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के, मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ४०.५ टक्के, आणि दोन्ही करणाऱ्या गटात ३९.५ टक्के होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांतून दोन गोष्टी कळल्या. चालण्याचा आणि मित आहाराचा लाभ भारतातही होतो, पण अमेरिकेतल्याइतका मोठा नाही; आणि चालण्याला गोळीची जोड दिल्याने अधिक काही साधत नाही. दुसरी गोष्ट कोणाला आधी सुचली नसती. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगले होते असेच सर्वांना वाटते.

आतापर्यंतच्या उदाहरणांत रुग्ण एकेक करून वाटले गेले. रोग होण्याआधीच तो पकडायचा असेल तर गावेच्या गावे वाटावी लागतात, आणि तेथे न्यायाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी अशी एक चाचणी सुरू झाली. ४९७ गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागले. पहिल्या गटातील स्त्रियांची ह्यूमन पॅपिलोमा विषाणूसाठी, म्हणजे एचपीव्हीसाठी, चाचणी झाली; हा विषाणू या कर्करोगाचे मूळ कारण आहे. दुसऱ्या गटात पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, लावून पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी पाहिले गेले. चौथ्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती देण्यात आली. तपासणी केली गेली नाही.

एकूण १,३१,७४६ स्त्रियांचा आठ वर्षे पाठपुरावा झाला. विषाणूच्या चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात केवळ एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पेशींची तपासणी आणि आम्ल लावून केलेली तपासणी यांचा लाभ या चाचणीत निश्चितपणे सिद्ध झाला नाही. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून घेतलेल्या दुसऱ्या चाचणीत, केवळ काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी हीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी केली, आणि बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही, वीज असेलच याची खात्री नाही, अशा वस्त्यांसाठी हा निकाल मोलाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणूची चाचणी हीच पहिली निवड असावी अशी शिफारस केली, तेव्हा धाराशिवच्या खेड्यांतून आलेला पुरावाही जगापुढे होता.

पण त्या ६४ स्त्रिया? या चाचण्यांवर तीव्र टीका झाली, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, पेशींच्या तपासणीने हा कर्करोग रोखता येतो हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून आधीच ठाऊक होते. मग हजारो गरीब स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजण्याचा अधिकार कोणाला आहे? संशोधकांचे उत्तर असे की, भारतात त्या वेळी सरकारी तपासणी योजना अस्तित्वातच नव्हती. या स्त्रियांकडून काही काढून घेतले नव्हते, आणि प्रयोगशाळांच्या जाळ्यावर अवलंबून असलेली पाश्चात्त्य पद्धत खेड्यात चालेल याचा कोणताही पुरावा नव्हता. उस्मानाबादमध्ये पेशींच्या तपासणीचा लाभ सिद्ध झाला नाही, हे या उत्तराला बळ देते. परंतु हा मुद्दा निकाल लागल्यानंतरचा आहे. स्त्रियांची विभागणी करताना तो कोणालाही ठाऊक नव्हता. तुलना न्याय्य असणे आणि वागणूक न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संख्याशास्त्राने साधते, दुसरीसाठी माणसांना विचारावे लागते, आणि ज्यांना विचारायचे त्यांना नकार देण्याचे सामर्थ्य आहे का, हेही पाहावे लागते.

अलीकडच्या भारतीय संशोधनातील एक प्रवाह विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. औषध कंपन्या ज्या प्रश्नांवर पैसा खर्च करणार नाहीत असे प्रश्न त्यात विचारले जात आहेत. दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात ते लिग्नोकेन सर्वांच्या परिचयाचे आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाताना तिच्यातील काही पेशी सुटून पसरत असाव्यात, आणि लिग्नोकेनमुळे पेशींची ही हालचाल मंदावत असावी, असा तर्क करून टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी देशातील अकरा केंद्रांत १,६०० स्त्रियांची चाचणी घेतली. एका गटात स्तनातील गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन टोचले. दुसऱ्या गटात टोचले नाही. पाच वर्षांनंतर टोचलेल्या गटात ९०.१ टक्के आणि न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया जिवंत होत्या. हा फरक वरकरणी लहान दिसतो. परंतु इतक्या स्वस्त इंजेक्शनने तो पडत असेल तर त्याचा अर्थ मोठा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल एकाच चाचणीचा आहे. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी तो पडताळून पाहिला म्हणजेच त्यावर पुरता विसंबता येईल.

शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या निवोलुमॅब या औषधाची कथा याहून निकडीची आहे. त्याची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि तिचा खर्च बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. टाटा स्मारक केंद्रातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डोके व मानेचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांमध्ये, दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. तुलनेच्या गटाला तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त गोळ्या मिळत होत्या. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि ही अल्प मात्रा. वर्षअखेर पहिल्या गटात १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटात ४३.४ टक्के. अल्प मात्रा पूर्ण मात्रेच्या तोडीची आहे, असे ही चाचणी सांगत नाही. कारण तशी तुलना तिने केलेलीच नाही. ज्याला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती, त्याच्यासाठी काहीच न मिळण्यापेक्षा ही मात्रा पुष्कळच बरी, एवढेच ती सांगते. निकाल वाचताना कोणाची तुलना कोणाशी झाली हे प्रथम पाहावे लागते, ते यासाठी.

आज भारतात अशी चाचणी घेण्यापूर्वी नैतिकता समितीची मान्यता आणि सहभागी व्यक्तीची तिला समजणाऱ्या भाषेतील संमती आवश्यक असते. संमती दिलेली व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडू शकते, आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत केलेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू केली, आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी तीत नोंद करणे अनिवार्य केले. पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच कोणता प्रश्न विचारला जात आहे, किती रुग्ण घेतले जाणार आहेत आणि यश कशावरून मोजले जाणार आहे, हे तेथे लिहून ठेवावे लागते. पुढे निकाल मनासारखा आला नाही म्हणून प्रश्न गुपचूप बदलता येऊ नये, आणि फसलेली चाचणी कपाटात दडवता येऊ नये, यासाठी ही व्यवस्था आहे. ही नोंदवही संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते.